माझी पाठ मला कशी दिसली

सोलापूर,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५५

तीर्थरूप आण्णामामा यांचे चरणी बिराचा दंडवत. मी खुशाल आहे. मामींचा गुडघा, म्हातारी कुत्री आणि यंदाची मेंढरं खुशाल असावीत (तिघांची चौकशी एकाच ओळीत केली म्हणून मामींनी रागावू नये).

पत्रास कारण माझं लग्न. गिरणीतले आमचे मुकादम निंगप्पा यांची लेक तानाबाई मला सांगून आली आहे. ते मूळचे मेंढरंवाले, म्हणून जावई लांडग्याला न भिणारा हवा म्हणतात (गिरणीत लांडगा कुठून येणार, हे मी विचारलं नाही). मी लगेच आपल्या सांगोल्याच्या माळावरची हकीकत सांगितली. लहानपणी लांडग्यानं कोकरू धरलं, तेव्हा मी कोकराचे मागचे पाय ओढून ते सोडवलं, ती. निंगप्पा खूश झाले आणि रविवारी सुपारी फोडायचं ठरलं.

मला ते अजून लख्ख दिसतं. समोर लांडगा, अलीकडे माझी पाठ, पाठीवर लाल पट्ट्यांची बंडी. खोलीवरच्या गैबीसाबला (तो टांगा हाकतो) मी हे रंगवून सांगितलं, तर हातातली भाकरी तशीच धरून तो म्हणाला, "अरे बिरा, अपनी पीठ अपने कू कैसी दिखी रे?"

मामा, मी हातातला घास ताटात ठेवला. डोळे मिटून मी पुन्हा आठवून पाहिलं. पाठच दिसली, आणि तीही वरून. आणखी नीट आठवलं, तर हाताला बाभळीचा काटा बोचत होता (बाभळीवर बसून कोकरू सोडवता येत नाही). बिरोबाच्या जत्रेला मामी घरातल्या सगळ्या पोरांच्या बंड्या एकाच ताग्यातून शिवत. ते पट्टे पाहून इतकी वर्षं मी तुमच्या सिदूला ‘मी’ समजत आलो! आठवण माझीच आहे. तिच्यातला शूर तेवढा माझा नाही. झाडावरून बोंबलत होता, तो मी. आता जो माणूस स्वतःलाच ओळखायला चुकतो, त्यानं ‘मी असा, मी तसा’ हे कोणाच्या भरवशावर सांगावं?

लग्न मोडलं तरी बेहत्तर, पण सुपारीआधी निंगप्पांना खरं सांगायचं, असा माझा निश्चय झाला आहे. पत्र उघडंच ठेवून आत्ता जातो.

आपला भाचा,
बिरा

ता. क. सांगून आलो. निंगप्पा रागावले नाहीत. "झाडावर चडला म्हून जगला की! खरं बोललास, लई झालं," म्हणाले. आतून तानाबाई आईला (मला ऐकू जाईल अशा बेतानं) म्हणाली, "चडायला तरी येतंय की, आये!"

आणखी ता. क. मी पायताण घालत होतो, तेवढ्यात निंगप्पांनी मागून विचारलं, "मग त्यो सिदू काय करतोय? लगीन झालंय का त्येचं?" मला आठवत नाही, असं मी सांगितलं. तरी मामा, पत्र पोचताच सिदूचं लग्न कुठंही उरकून टाकावं. रविवारी पुन्हा विचारलं, तर ‘झालंय’ असं मला खरं सांगता आलं पाहिजे. खोटं बोलायचं मी आता सोडलं आहे.