जोडाच्या खाली एक बोट

२६ जानेवारी १९८७, हसनाबाद

पहिला आलो! हसनाबाद ते भोकरदन, बावीस सायकली, आणि रामरावांचा धाकटा पहिला! शेवटच्या चढावर एकानं मुद्दाम माझ्यात हँडल घातलं. त्याला कोपरानं असा हाणला की थेट बाभळीत. नाक फुटलं त्याचं. मला काडीचंही वाईट वाटलं नाही. थोरला तातेराव म्हणाला, "सायकल चालवून राह्यला का कुस्ती खेळून राह्यला?" खरं आहे. सायकलवर बसलो की मी माणसात राहत नाही.

९ मार्च

तातेराव गेला.

११ मार्च

काल लिहिता आलं नाही. तो माझीच सायकल घेऊन बाजाराला निघाला होता. पुलाच्या उतारावर पुढचं चाक धरणारा चिमटा तुटला. तोंडावर पडला, दगडावर. चेहरा ओळखू येत नव्हता. आईला दाखवलाच नाही.

त्या चिमट्याला महिन्यापूर्वी महेमूद सायकलवाल्यानं पितळ वितळवून जोड दिला होता. बाबाच पहिल्यांदा म्हणाले, "महेमूदच्या जोडानंच घात केला." मग कोण थांबतंय! दहा-बारा जण त्याच्या दुकानावर गेलो. ट्यूब, पंप, रिमा — सगळं रस्त्यावर ओढून पेटवलं. महेमूद ओरडत होता, "अरे, जोड तर पाहा! एकबार पाहा!" कुणी पाहिलं नाही. मी सायकलची साखळी मुठीला गुंडाळली आणि त्याच्या तोंडावर हाणली. तीनदा. डावा डोळा गेला.

फौजदार येऊन गेला. गावात कुणी काही पाहिलं नाही म्हणे. बरं वाटतंय!

२० जून १९८८

बारावीला भरपूर मार्क पडले. बाबांना डॉक्टर हवाय. मी धातूशास्त्र शिकणार, पुण्याला. तुटलेला चिमटा ट्रंकेत टाकलाय. महेमूदनंच भाऊ मारला हे कागदावर सिद्ध करीन आणि तो कागद त्याच्या तोंडावर फेकीन. एवढ्यासाठीच शिकायचं.

४ ऑगस्ट १९९१, पुणे

रोज तीस किलोमीटर सायकल. अंग मोडून आलं की झोप लागते. आज एका रिक्षावाल्यानं कट मारला — त्याचा आरसा फोडला.

१२ फेब्रुवारी १९९६, पुणे

प्रयोगशाळेत नोकरी लागून महिना झाला. मुलाखतीत विचारलं होतं, "धातूशास्त्रच का?" म्हणालो, "सायकलमुळे." सगळे हसले. आज सूक्ष्मदर्शक एकट्याला वापरायला मिळाला. उद्या चिमटा कापतो. नऊ वर्षं वाट पाहिली.

१३ फेब्रुवारी

महेमूदचा जोड शाबूत आहे.

चीर जोडाच्या खाली एक बोट अंतरावर सुरू झालीय. तिथं हातोड्याचा वण आहे. त्या वणापासून बारीक बारीक रेषा निघाल्यात, झाडाच्या बुंध्यात असतात तशा. म्हणजे चीर रोज थोडी थोडी वाढत होती. दहादा पाहिलं.

हातोडा माझा. महेमूदनं जोड दिल्यावर आठ दिवसांनी मी ओढ्यात पडलो, चिमटा वाकला. बाबा सायकल काढून घेतील या भीतीनं गोठ्यात बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर ठेवून ठोकून सरळ केला. हे तेव्हा या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. तातेराव गेल्यावरही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं फाशी देणारा चोरच!

भिंतीवर मूठ मारत राहिलो. दोन बोटं सुजलीत.

१ मार्च, नवीन जालना

महेमूद सापडला. स्टेशनजवळ रिक्षांची पंक्चर काढतो. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग उठला, टायर काढायची लोखंडी पट्टी माझ्या गळ्याला लावली आणि मला भिंतीपर्यंत रेटत नेलं.

"नऊ साल! माझी बायको रहिमाबी लोकायची भांडी घासून राह्यली. अन् तू आता मशीनमंधी पाहून आला? म्या तव्हाच म्हन्लं व्हतं ना, जोड पाहा!"

माफी मागितली. तो थुंकला.

"मला काय सांगून राह्यला? बापाला सांग. चावडीवर सांग, साऱ्या गावासमोर. मंग ये."

गळ्यावर वळ उठलाय. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

२ मार्च, हसनाबाद

बाबांना सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "ठोकताना म्या पाह्यलं व्हतं तुला, गोठ्याच्या दारातून. एक पोरगं गेल्तं. दुसऱ्यानं जीव दिला असता. म्हून महेमूदचं नाव घेतलं."

मी त्यांच्या थोबाडीत मारली. सगळ्या ताकदीनं. त्यांनी हात आडवा धरला नाही. आई धावत आली, विचारत होती, "काय झालं रे?" आधी तिला सांगतो. मग चावडीवर.