तुम्ही लपवलेला ताप

आई,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. खोटं कशाला लिहू?

आज लिहायचं कारण रेवा. तुमच्या नातीला कालपासून सर्दी आहे. सगळी सोसायटी खोकतेय, तिची अर्धी शाळा घरी बसलीय. दुपारी ओट्याजवळ आली आणि म्हणाली, “मम्मी, आजी द्यायची ना, तो काढा कर ना.” तुम्ही जाऊन वर्ष उलटलं, आणि पोरगी अजून तुमचंच नाव काढते! पातेलं हातात धरून मी उभी राहिले. असा संताप आला की काय सांगू.

एक मान्य करते. तुमचा काढा वाईट नव्हता. आलं, गवती चहा, मिरी, लवंग, वर चिमूटभर सुंठ. थंडी पडली की सकाळी सगळ्यांना एकेक कप. ओव्याची गरम पुरचुंडी, कुळथाची पिठी, पेज. लॅबमधून घसा बसून आले की मीही मुकाट प्यायचे आणि बरं वाटायचं. भांडण काढ्याशी नव्हतंच हो! तुमच्या हट्टाशी होतं.

“दिसभर दुसऱ्यांचा रगत काढतंस, तुका काढ्यातला काय कळता?” हे तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणायचात. आणि सगळे हसायचे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पण तुमच्या लेखी मी रक्त काढणारी बाई.

रेवा पाच वर्षांची होती, तेव्हाचं आठवतंय? तापाचा तिसरा दिवस होता. मी रजा टाकणार होते. तुम्ही म्हणालात, “जा गो तू कामार, मी आसंय मा.” मी तुम्हाला दोनदा बजावलं होतं की ताप एकशे दोनच्या वर गेला किंवा श्वास जोरात चालला तर लगेच फोन करा. केलात? मी चार वाजता आले तर पोरीच्या फासळ्या आत ओढल्या जात होत्या, आणि तुम्ही तिच्या छातीला तेल चोळत बसला होतात! “घाम फुटलो काय उतरतलो,” म्हणालात.

रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. घाटकोपर स्टेशनच्या त्या ट्रॅफिकमध्ये मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. न्यूमोनिया निघाला. सहा दिवस हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, “सकाळीच आणायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही वॉर्डात आलात ते थर्मास घेऊन. काढा! मी तो सगळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतला आणि म्हणाले, “आजपासून माझ्या घरात हे बंद.” नर्ससुद्धा बघत राहिली. तुम्ही रिकामा थर्मास पिशवीत घातलात आणि निघून गेलात. ‘चुकलं’ एवढं म्हणायला काय झालं होतं?

पुढची थंडी आली. तुमचा लेक मंगेश कामासाठी नाशिकला होता. तुम्ही खोकत होतात. मी विचारलं तर म्हणालात, “देवनारच्या कचऱ्याच्या धुरान खोकलो इलो, दुसरा काय नाय.” मी कपाळाला हात लावायला गेले तर मान मागे घेतलीत. “माका काय धाड भरली नाय.” मला उशीर होत होता. मी गेले. हो, गेले मी!

आठ दिवस तुम्ही ताप लपवलात. बाथरूममध्ये पडलात तेव्हा हात लावला तर अंग चटका बसावा इतकं तापलेलं. फुप्फुसं भरली होती. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आणि बाराव्याला समोरच्या पाटकरकाकू डोळे पुसत मला सांगतात की मी कामाला गेले की तुम्ही रोज त्यांच्याकडे जायचात. त्यांच्या गॅसवर काढा उकळायचात, तिथेच प्यायचात, भांडं घासून ठेवायचात. “सुनेक सांगू नको हां.” शेजारणीच्या घरात चोरून? माझी एवढी भीती वाटत होती? की मला हरवायचं होतं?

तुमच्या लेकीने तर भर माणसांत सुनावलं, “जगाचं रक्त तपासते, सासूचं नाही तपासलं.” एक सुई, एक बाटली, दहा मिनिटांचं काम होतं, आई! तेवढंही करू दिलं नाहीत. स्वतः सुटलात आणि हे बोलणं मला ठेवून गेलात.

आज मी काढा केला. मिरी जास्त झाली. रेवाने तोंड वाकडं केलं, “आजीचा असा नसायचा.” कधी प्रमाण सांगितलंत का कुणाला? नाही! ते पण लपवलंत. पोरीने तरी अर्धा कप संपवला. मग मी तिचा ताप मोजला. नाही आलेला. आला तर तिसऱ्या दिवसाची वाट बघणार नाही.

राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. घरात सगळे रेवाला सांगतात, आजीचं वय झालं होतं. मीही मान हलवते. पण तुम्हाला शब्द देते, ती मोठी झाली की हे खोटं मी मोडणार. तिला सांगणार की तिच्या आजीने ताप अंगावर काढला, आणि जिच्यापासून लपवला ती मी होते. दोन्ही सांगेन. तुम्हाला वाचवणार नाही, आणि मलाही नाही.

तुमची सून,
सुजाता