जूनो आणि दौंडचे मामा

१० फेब्रु. २०२४, शनि.
बायको सुनंदा आजबी दौंडला. ती शिकवते ती शाळा शनिवारी सकाळची, सुटली की तशीच एसटीत. मला सेकंड शिफ्ट, डबा मीच भरला. २ मार्चला तिथल्या हॉलवर पोरांना आकाश दाखवायचा कार्यक्रम हाय म्हणे, त्याची तयारी. दुर्बीण तिथल्या थोरात सरांची, गोष्ट सांगणार आमच्या मॅडम. सर एकटे राहतात. उंच हायेत. तिच्या फोनवरल्या फोटोत हसतात लय.

१३ फेब्रु.
भाकऱ्या थापता थापता गोष्टीची तालीम चालू. मंगळ आन् गुरूच्या मधी दगडांचा पट्टा, त्यातला एक मोठा दगड जूनो. नाव रोमन लोकांच्या देवीचं. तिचा नवरा ज्युपिटर, म्हंजी आपला गुरू. देवांचा राजा, पण लफडेबाज. ढग पांघरून एका पोरीपाशी गेला. जूनोनं ढग सारला, तर यानं पोरीची गाय केली! जूनोनं ती गायच मागून घेतली आन् शंभर डोळ्यांचा राखण्या बसवला.
सुनंदा म्हणाली, फार मत्सरी देवी. मत्सरी कसली? बाईचं काय चुकलं? मला तर पटली.

१६ फेब्रु.
मामांना फोन केला. रेल्वेतनं रिटायर, दौंडातच असतात, दिवसभर रिकामे. कार्यक्रमाच्या हॉलसमोर पिंपळाचा पार हाय, तिथं बसा म्हटलं, कोण येतं-जातं बघा. का, ते विचारलं न्हाई त्यांनी. समजले असतील.

१७ फेब्रु., शनि.
मामांचा फोन, मी कंपनीच्या बसमधी. "दुर्बीण पुसत्यात. बोलत्यात." काय बोलत्यात? "ताऱ्यांचं." हसली का? "हसली एकदा." तळपायाची आग मस्तकात. लाईनवर दोन पीस रिजेक्ट.

२४ फेब्रु., शनि.
मामा आज म्हणाले, सूनबाई गुणाची हाय, उगा डोक्यात काय घेऊ नको. मामा फितूर झाले का काय? मन चिंती ते वैरी न चिंती. कळतं सगळं, पण जळायचं थांबत न्हाई.

२ मार्च, शनि.
सुट्टी टाकून गेलो. अंधार पडल्यावर सुनंदानं गोष्ट सांगितली. ज्युपिटरनं धाडलेल्या देवानं राखण्याला गाणी-गोष्टींनी झोपवून मारला, जूनोनं त्याचे डोळे मोराच्या पिसाऱ्यावर लावले. पोरं गप्प बसून ऐकत होती. मी तिच्याकडं बघत होतो, आन् सरबी. चांगली सांगते. घरी मला कवा अशी सांगितली न्हाई.
सिंह राशीतला जूनो दुर्बिणीतनं पाहिला. बारका ठिपका. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून दाखवत होते. हात झटकावासा वाटला.

३ मार्च
सकाळी चहा देताना आपणहून म्हणाली, "पहिल्याच शनिवारी मामा पारावर दिसले. सासरचं मोठं माणूस, पाया पडल्याशिवाय कशी जाऊ? तेव्हापासून त्यांचा चहा मीच हॉलमध्ये करून पारावर नेऊन देते."
आपल्यात ही रीतच हाय, आन् मला सुचलं न्हाई! सुनेला मामा दिसले की ती वाकणारच. मामांनी लपायचं कुठं?
ती म्हणाली, "मामांना विचारता. मला एकदा विचारा की."
मी कप विसळायला उठलो.

९ मार्च, शनि.
कार्यक्रम झाला, तरी दर शनिवारी दौंड हायेच. सर आता मुलींसाठी ताऱ्यांचा वर्ग चालू करतायत, सुनंदाबी शिकवणार. शाळेतनं आज आधी घरी आली. मला सुट्टी. पर्स मांडीवर घेऊन समोर बसली. मला म्हाईत, कशासाठी बसलीय.
मी विचारलं, एसटी कितीला हाय?
माझ्याकडं बघितलं, उठली, गेली.
सुनंदा खोटं बोलत न्हाई, लग्नापास्नं कवाच न्हाई. विचारलं असतं तर खरं ते सांगितलं असतं तिनं. तेवढ्यासाठीच जीभ उचलली न्हाई.