आजारी पडायची माझी पाळी

५ तारीख, सोमवार
लेकीची नवी नोकरी, त्यात ऑफिसच्या पार्ट्या. पिणाऱ्याच्या गाडीत बसायचं नाही, हे मीच शिकवलंय. पण साहेबच "चल, सोडतो" म्हणाला तर तोंडावर नाही कसं म्हणायचं? तिने तोड काढलीय, मला आज कळलं. ती फोन करून "बरं आहे ना?" विचारते, इकडून कण्हायचं. मग घरी आजारपण आहे सांगून ती आपली टॅक्सीने निघते.
आणि कण्हतं कोण? शेजारची शिंपीण! सख्खी आई धडधाकट असताना!
मला हेवा नाही. तिच्या मशीनची खडखड हल्ली जरा जास्त होते, एवढंच.

६, मंगळवार
लेकीला विचारलं, मी का नाही? म्हणाली, तू प्रश्न फार विचारतेस. मी म्हटलं, कधी? कुणासमोर? किती?
शेवटी कबूल झाली. शुक्रवारी माझी पाळी.

७, बुधवार
सराव. शिंपीण बकरीसारखी कण्हते. माझ्या कण्हण्यात वजन आहे. दूधवाला निम्मं दूध सांडून जिना चढून आला.

९, शुक्रवार, सकाळ
निश्चय: आज दिवसभर आजारीच.

त्याच दिवशी, रात्री आठ
मी आजारी आहे ऐकून दवाखान्यातले कंपाउंडर प्रेशर मोजायला आले. म्हणाले, या वयात असं प्रेशर म्हणजे कमाल. दारात शिंपीण होती, म्हणून पुन्हा मोजायला लावलं.
तेवढ्यात फोन. "आई, बरं आहे ना तुला?"
आता शिंपिणीसमोर काय सांगू? म्हटलं, "मला काय धाड भरलीय? दगड पचवते मी."
पलीकडून साहेबाचा आवाज, जीभ जड झालेली: "झालं तर मग, बस गाडीत." फोन बंद.
शिंपिणीने स्वतःच्या फोनवरून लेकीला फोन लावला, भिंतीला टेकली आणि असं कण्हली की कंपाउंडर तिची नाडी बघायला लागले.

१०, शनिवार
लेक टॅक्सीने सुखरूप आली. साहेबाने गाडी ऑफिसच्याच फाटकावर घातली. पुढची सीट चेपली. तीच हिला देऊ केली होती.
आधी शिंपिणीच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, "आई, तू ठणठणीतच राहा." रागावली असती तरी चाललं असतं.
कण्हून शिंपिणीचा घसा बसलाय. तिला गरम पाणी नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलंय. नेलं. म्हटलं, कसं कण्हतेस ते जरा दाखव. म्हणाली, आधी कुणी कौतुक केलं तर गप्प बसायला शिका.
मग दाखवलं.
छानच कण्हते मेली.