दसऱ्याचं तेल

॥ श्री ॥
डिचोली,
१८ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. जयराममामांस,
विनिताचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याला तुम्ही पेडण्याहून बस बदलत आमच्या वर्कशॉपच्या पूजेला आलात, त्याचे आभार मानायला उशीर झाला. रागावू नका. येईल त्याला गोकुळदासबाब सांगतात की यंदा नारळ एका फटक्यात फुटला. स्वतः मालक असून त्यांनी पूजेचा पाट तुम्हाला दिला, हे मी विसरणार नाही. कमलमामीला सांगा, पुनवेच्या जत्रेतलं खाजं पोचलं आणि संपलंही.

आता मुख्य गोष्ट. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते. आपला रुद्रेशदादा लाईनमन म्हणून ज्या बकेट गाडीवर चढतो, ती वर्षाच्या तपासणीसाठी आमच्याकडेच आहे. तुम्ही पूजा केलीत तीच. माणसाला बादलीत उभं करून विजेच्या तारेपर्यंत नेणारा तिचा वरचा हात फायबरचा असतो, म्हणजे तार चालू असली तरी वीज त्यातून खाली उतरू नये. काल त्या हाताला मोठ्या दाबाची वीज देऊन किती झिरपते ते आम्ही पाहिलं. आकडा चालेल त्याच्या बराच वर गेला. पुन्हा पाहिलं, तेच. मी गाडीला लाल पाटी लावली आणि किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवली.

दादा तिथेच होता. म्हणाला, गेल्या वर्षी पास झालेल्या फायबरला एका वर्षात म्हातारपण आलं का? मग सगळ्यांना सांगू लागला की मी शाळेतल्या त्या बाईंसारखी आहे, ज्या शाईचा एक डाग पडला तरी अख्खी वही परत करायच्या. सगळे हसले. मीही हसले. मांद्र्याला माडांच्या झावळ्या तारांना लागत आहेत आणि दिवाळीच्या आत त्या छाटायच्या आहेत. गाडी नसेल तर दादा शिडीवर चढणार. मग मी त्याला वाचवते आहे की शिडीवर पाठवते आहे, तेच मला कळेनासं झालं आहे.

एक विचारायचं होतं. पूजेआधी मी हार आणायला बाजारात गेले, तेवढ्या वेळात गाडीला काय काय केलंत? आज मी तो हात पांढऱ्या फडक्याने पुसला, तर फडक्याला तुमच्या घराचा वास आला.

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
विनिता


॥ श्री भगवती प्रसन्न ॥
पेडणे,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. विनिताबाय हिस,
जयराममामाचे अ. आ.

पत्र पोचलं. पोस्टमन ते मामीच्या हाती देतो, त्यामुळे माझ्याकडे येईपर्यंत तिचं मत तयार असतं. तिचं मत असं की लोकांसमोर टोमणे मारायची खोड रुद्रेशाला माझ्याकडून लागली. मला हे ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं. खाणीवरच्या यंत्रांनी कान नेले, त्याचा एवढाच फायदा.

बाय गो, काय केलं म्हणून काय विचारतेस? दसऱ्याला हत्यार तेल प्यायल्याशिवाय पूजेला बसत नाही, हे तुला शाळेत घालायच्या आधी मी शिकवलं. आपल्या गॅरेजमध्ये पान्हे पुसायला बसायचीस तेव्हा तुझ्या वेणीलासुद्धा त्याच बाटलीतलं तेल लागायचं. तू हाराला गेलीस आणि मी गाडीकडे बघितलं. धुतलेली होती, पण हात कसा कोरडा, पांढराफटक. माझा मुलगा त्याच्यावर उभा राहतो. रुद्रेशाला सांगून मी तो खाली घेतला. आपल्याच माडांचं, घाण्यावरचं खोबरेल मी पिशवीतून आणलं होतं. न्हाणीत पोराला चोळावं तसं टोकापासून कोपरापर्यंत चोळून लावलं. तू परत आलीस आणि स्वतः म्हणालीस की गाडी नव्यासारखी दिसते. मला केवढं बरं वाटलं.

त्यात चुकलं का काही? चुकलं असेल तर तसं लिही. माझ्या घराचा वास आला, असं आडून कशाला? आडून बोलायला मी तुला शिकवलेलं नाही.

पाव आणणारा पदेर हल्ली पोई लहान करतो, बाकी सगळं ठीक. जेवत जा.

सदैव तुझं बरं चिंतणारा,
जयराममामा


॥ श्री ॥
डिचोली,
२३ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मामांस,
विनिताचा शि. सा. न. वि. वि.

चुकलं, मामा. सरळ लिहायला सांगितलंत म्हणून सरळ लिहिते.

लोखंडाचा वैरी गंज, म्हणून त्याला तेल. फायबरला गंज चढत नाही. त्याला धूळ आणि ओल सोसत नाही. तेलावर धूळ बसते, धुळीत ओल धरते आणि विजेला खाली उतरायची वाट होते. ती वाट बादलीत उभ्या असलेल्या माणसातून जाते. तुम्ही मला जे शिकवलंत त्यातलं काही खोटं नाही, फक्त ते या हाताला लागू नाही. आणि तो चमकताना मी स्वतः पाहिला होता. धुतल्याची चमक समजले. पाहून न ओळखणारी मी, तर तुम्हाला काय बोलू?

कंपनीने सांगितलेल्या औषधाने आम्ही हात बाहेरून साफ केला, वाळवला, पुन्हा चाचणी घेतली. आकडा उतरला, पण हवा तेवढा नाही. दादाच्या कंत्राटदाराचे फोन येतात. एवढ्या फरकाने काय होतं, असं तो म्हणतो. गोकुळदासबाबांनी त्याला सांगितलं की सही विनिताची, म्हणून निर्णयही तिचाच. या एका वाक्यासाठी मी त्यांचे उपकार मानते आणि त्याच वाक्यामुळे चाचणीचा कागद पुन्हा पुन्हा काढून बघते. दादा माझ्याशी बोलत नाही. भाऊबीजेला जमेलसं दिसत नाही, असा निरोप त्याने सुविधावहिनीकडून पाठवला.

अशा वेळी मला तुमचा तो डंपर आठवतो. ब्रेकचा पाईप भिजलेला दिसला म्हणून तुम्ही तो गॅरेजबाहेर सोडला नाही. ड्रायव्हर शिव्या देत होता आणि तुम्ही टायरसमोर स्टूल टाकून चहात पाव बुडवून खात बसला होतात. मला वाटलं होतं, मामांना भीती वाटत नाही. आता कळतं की वाटत असणार, म्हणून तर पाव एवढा सावकाश खात होतात.

तुम्ही लपवलं असतंत तर मी अजून भलतेच जोड उघडत बसले असते. त्या दिवशीचं आणखी काही राहिलं असेल, तर तेही लिहा. मी रागावणार नाही.

तुमच्या आशीर्वादावर विसंबून असलेली,
विनिता


॥ श्री भगवती प्रसन्न ॥
पेडणे,
२५ ऑक्टोबर २०२४

चि. विनिताबाय हिस,
मामाचे आशीर्वाद.

राहिलं आहे.

हात आतून पोकळ आहे. आतल्या नळ्या दाखवायला रुद्रेशाने कोपराकडचं झाकण उघडलं होतं. मग तो आपले हात धुवायला नळावर गेला. मला वाटलं, बाहेरून तेल लावलं आणि आतून कोरडं ठेवलं, तर ते अर्धवट काम. काठीला फडकं बांधलं, तेलात बुडवलं आणि आत घातलं. बाहेर आली ती नुसती काठी. फडकं दिसेना. तेवढ्यात तू हार घेऊन आलीस, भटजी घाई करू लागले. गोकुळदासबाबांनी मला पाट दिला होता, आणि त्यांच्या लोकांसमोर गाडीच्या पोटात चिंधी टाकली असं सांगायला लाज वाटली. फडकं कोणाला काय करणार, असं मनाशी म्हणून झाकण मीच लावलं.

तुझं पत्र वाचलं आणि ते फडकं काय करू शकतं ते कळलं. माझाच मुलगा.

काल रुद्रेश कामावरून आला तेव्हा त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो उठला. अंगणात जाऊन मोटारसायकल पुसत राहिला, पुसलेलीच पुन्हा पुसली. मामी शेवटी एवढंच म्हणाली की फडकं तिच्या निळ्या साडीचं होतं आणि ती साडी मी तिला न विचारता फाडली.

गाडी सोडू नको. शिडी लावतात तेव्हा लाईन बंद करतात. मांद्र्याचे लोक थोडा वेळ पंख्याशिवाय बसतील, मरणार नाहीत. कोणी आवाज चढवला तर स्टूल टाक आणि पाव खा.

हे पत्र रुद्रेशाच्याच हाती देत आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. त्याने वाचावं असंच वाटतं.

तुझा,
जयराममामा


॥ श्री ॥
डिचोली,
४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामांस व मामीस,
विनिताचा शि. सा. न. वि. वि.

दादाने तोंडी सांगितलं असेलच, पण माझ्याकडून लिहून गेल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुमचं पत्र घेऊन तो आला, तेव्हा बराच वेळ फाटकाशीच उभा होता. मीच चहाला हाक मारली. पत्र दिलं आणि म्हणाला, वाचलंय. मग टॉर्च त्यानेच धरली. झाकण उघडून आकडीने ओढलं तर तुमचं फडकं आलं, तेलाने आणि ऑक्टोबरच्या पावसाच्या ओलीने जड झालेलं. दादाने ते हातात घेतलं आणि एवढंच म्हणाला की ही आईची साडी. मग तो बाहेर जाऊन आमच्या पायरीवर बसला. मी त्याच्याशेजारी बसले. त्याने सरकून मला जागा केली.

हात आतून साफ करून नीट वाळेपर्यंत आम्ही थांबलो. घाई कोणी केली नाही. कंत्राटदाराला दादाने स्वतः फोन केला आणि माझ्यासमोर सांगितलं की विनिता सही करेपर्यंत मी बादलीत पाय ठेवणार नाही. चाचणीत आकडा इतका खाली आला की मी मीटरच तपासून घेतला. मीटर बरोबर होता. मग बादली, बोल्ट, नळ्या, गाडी बंद पडली तर हात खाली आणायची सोय, सगळं पुन्हा पाहिलं. दादा उभा राहून बघत होता आणि एकदाही हसला नाही. शेवटी सही केली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. दिवाळीआधी मांद्र्याचं काम झालं.

काल भाऊबीजेला तो आला. ओवाळलं, तर ताटात त्याने माझीच लाल पाटी ठेवली. वर्कशॉपमधून कधी पळवली कोण जाणे. म्हणाला, ही तुझ्याकडेच राहू दे, माझ्या गाडीसाठी लागेल. मला हसू आलं आणि निरांजन विझता विझता राहिलं.

मामा, लाज गिळून तुम्ही ते पत्र लिहिलंत. तेवढं मोठं मला अजून कोणी काही दिलेलं नाही. पुढच्या दसऱ्याला तुम्हीच यायचं. पान्ह्यांना हवं तेवढं तेल, चाकाला कुंकू, बॉनेटला झेंडू. फायबरचा हात फक्त कोरड्या फडक्याने पुसायचा, आणि तो तुम्हीच पुसायचा. फडकं मी देईन. मामी, निळी साडी मी आणते आहे.

आहात तसेच माझे राहा.

तुमची,
विनिता


॥ श्री भगवती प्रसन्न ॥
पेडणे,
११ नोव्हेंबर २०२४

चि. विनिताबाय हिस,
मामामामीचे अ. आ.

साडी आणू नको, मामीने माझ्याकडून आधीच वसूल केली. तुला हवी तर आणखी एक आण, ती नाही म्हणणार नाही.

काल रुद्रेशाची गाडी आमच्याच वाड्यावर आली, देवळामागच्या तारेसाठी. सगळी गल्ली बघायला. मला यंत्राचा आवाज येत नाही, त्यामुळे तो वर गेला तो जणू गुपचूप गेला. आपल्या माडाच्या शेंड्याएवढा उंच. काम झाल्यावर त्याने खाली बघितलं आणि हातमोजा हलवला. माझे डोळे भरले. म्हाताऱ्यांचे भरतात, तू काळजी करू नको.

बादली खाली उतरल्यावर तो म्हणाला, बाबा, जवळ येऊन बघा. मी गेलो, पण हाताभर लांबच थांबलो, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मामीने खूण करून विचारलं की असे चोरासारखे का उभे?

मी तिला तळवे दाखवले. नुकतंच डोक्याला तेल लावून आलो होतो.

तुझा,
जयराममामा