उत्तनची घासाघीस

आई,

तू देवळातून परतण्याआधीच मी बाबांना उत्तनला घेऊन जात आहे. अमावास्येला आजारी माणसाने उंबरा ओलांडू नये, हे तुझे म्हणणे मी ऐकले होते. अमावास्येला समुद्राला मोठी भरती येते, हे सिद्ध झालेले आहे. घशाची गाठ वाढते, याला पुरावा नाही.

उद्या शस्त्रक्रियेत बाबांचे स्वरयंत्र काढतील. तोपर्यंत त्यांनी बोलायला हरकत नाही, हे मी डॉक्टरांना विचारून घेतले आहे. आज कुठे जावेसे वाटते, असे विचारल्यावर ते म्हणाले, "मासळीबाजारात. एकदा पोटभर घासाघीस करून घेतो." मागच्या खेपेस तिथल्या कोळीणबाईंनी त्यांना सुनावले होते, "घ्यायचा न्हाय तर वास कशाला घेतोस, शेठ?" त्यावरचे उत्तर त्यांनी तयार ठेवले आहे, मला सांगत नाहीत.

पेजेचा डबा आणि मफलर सोबत घेतला आहे.

बाजारातून ते तुला फोन करतील. माझ्यावर रागावली असलीस तरी उचल. कोणती मासळी आणू, एवढेच बहुधा विचारतील. लगेच उत्तर देऊ नकोस. त्यांना बोलू दे.

रुचिता