बायकांच्या बाजूला

आई, माझी लेक परवा विचारत होती, लहानपणी तुला कुठला सिनेमा आवडायचा? मी म्हटलं, मारामारीचा. कुठलाही. ती हसली. तिला काय ठाऊक, ते खूळ मूळचं तुझं. तंजावुरातल्या आपल्या नातलग बायका डोळे पुसायला मिळतील असं पडम शोधायच्या. सिनेमाला आपण पडमच म्हणायचो ना, तमिळ माणसांसारखं. आणि तू? "रडायला घर आहे की गे," म्हणायचीस. तुला हवे असायचे दात पाडणारे, काचेतून माणूस फेकणारे, कोयता घेऊन धावणारे. दुष्टाच्या थोबाडीत बसली की तू माझी मांडी इतकी जोरात दाबायचीस की वळ उठायचा. मला त्या वळाचं काही वाटायचं नाही. तुझ्या पाठीवरचे मी पाहिले होते.

अप्पांचा पट्टा कशावरूनही निघायचा, पण थेटराचं नाव काढलं की हमखास. "आपल्यासारख्या घरची बाई बाकड्यावर बसून शिट्ट्या ऐकते!" म्हणून त्यांनी रंगीत टीव्ही आणला, गल्लीत केबल आली तशी लगेच वायर ओढून घेतली. "आता घरात बस आणि बघ, काय बघायचंय ते." आणि तू पुढच्याच शुक्रवारी, फुटलेल्या ओठाला खोबरेल लावून, डब्यात चिंचेचा भात भरून, मला घेऊन दुपारच्या खेळाला निघालीस! धन्य होतीस बाई. मला वाटायचं, हा माणूस एक दिवस तुला ठार मारणार, आणि तू आपली तिकिटाच्या रांगेत.

थेटरात बायकांची बाजू वेगळी, मध्ये कमरेइतकी भिंत. त्या शुक्रवारी मध्यंतर होऊन गेलंय. पडद्यावर हाणामारी जुंपलीय आणि अप्पा ती भिंत ओलांडून येतात, तुझी वेणी मनगटाला गुंडाळतात आणि हिसडा देतात. तुझं कपाळ बाकड्यावर आपटतं. मी किंचाळते. कोणी हलत नाही. नवरा बायकोला मारतोय, त्यात नवल ते काय? मग मागची फुलवाली उठते आणि तमिळमध्ये ओरडते, "ए, बायकांच्या बाजूला हा पुरुष शिरलाच कसा?" झालं. एवढ्यावर सगळ्या पेटल्या. तुला मारलं म्हणून नाही गे, भिंत ओलांडली म्हणून! चपला, डबे, छत्र्या, नखं. "अडी! अडी!" हाणा, हाणा. अप्पांचा चष्मा फुटला, नाकातलं रक्त शर्टावर ओघळलं, ते गुडघ्यांवर आले, हात जोडू लागले. तू कपाळाचं रक्त पदरानं टिपलंस, सावकाश चप्पल काढलीस आणि त्यांच्या तोंडावर अशी हाणलीस की मला पडद्यावरचं काही ऐकूच येईना. मग माझ्याशेजारी येऊन बसलीस. "समोर बघ, शेवट चुकेल," म्हणालीस.

घरी जाताना मी तुझा पदर सोडला नाही. आज ही जिवंत राहत नाही, एवढंच डोक्यात. अप्पा ओसरीत बसलेले, सुजलेल्या तोंडानं. तू सरळ आत गेलीस, नारळ फोडायचा कोयता हाताशी ठेवलास आणि विचारलंस, "जेवायला वाढू का?" ते मुकाट्यानं जेवले. पुन्हा त्यांनी हात उगारला नाही असं नाही. पण मग तूही उगारायचीस. तू जाईपर्यंत आपल्या घरात भांडी फुटली, डोकीही फुटली, दोन्हीकडची. मला तेव्हा त्यात समाधान वाटायचं, आणि खरं सांगू, अजून वाटतं.

आता ते माझ्याकडे असतात. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेत. मी भरवते, पुसते, कूस बदलते. येणारे-जाणारे म्हणतात, लेक असावी तर अशी. दुपारी टीव्हीवर जुनी मारामारीची पडमं लागतात. पहिला गुद्दा बसला की ते तोंड भिंतीकडे वळवतात. "बदल गे, बदल," पुटपुटतात. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तुला सांगते, आई. मी आवाज वाढवते.